नाव कमी करा

टावर चौकात माणिकराव सरमंडल यांचं भैरवगढच्या छापील चादरींचं दुकान होतं. परदेशी ऑर्डरींसाठी त्यांनी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. पण ईमेलवर रोज नुसता कचरा यायचा. कुणी लॉटरी लावायचं, कुणी टकलावर औषध विकायचं. तो पुसताना जर्मनीची खरी ऑर्डरही पुसली गेली, तेव्हा त्यांची बायको मृणाल वैतागली. "अहो, बंद करा ना हे एकदाचं!"

एका मेलच्या तळाशी ओळ होती : नाव कमी करायचं असल्यास इथे लिहा. माणिकरावांनी आपलं पूर्ण नाव लिहून धाडलं. मेल थांबले. त्यांना हायसं वाटलं.

दुपारी चहावाल्यानं एकच कप आणला आणि मृणालपुढे ठेवला.

"और मेरी?" माणिकरावांनी विचारलं.

"आप भी पियोगे, साहब?" तो अदबीनं म्हणाला. रोज तो त्यांना 'माणिकभैया' म्हणायचा.

तेवढ्यात फोन वाजला. मृणालनं उचलला. "नहीं जी, दुकान मैं अकेली ही चलाती हूँ. शुरू से."

माणिकराव गादीवरून अर्धवट उठले. "मृणाल, अगं, काय बोलतेस?"

तिनं रिसीव्हर ठेवला, पदर सावरला आणि गिऱ्हाइकासमोर हसते तशी हसली.

"माफ करना भाईसाब, आप कब से बैठे हैं. क्या दिखाऊँ आपको?"