मावशींचं टायपिंग

"थांब गं भवाने, माझं टायपिंग व्हायचंय!"

अपडेटवाली आपल्या खोलीतून ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर एकदम बंद-चालू करायची, तेव्हा हॉलमधून टायपिस्ट मावशींची ही हाक हमखास यायची, आणि अख्खा हॉल खळखळून हसायचा.

मावशी वारल्या. त्यांचा कॉम्प्युटर भंगारात गेला. टेबलावर आता नुसती फुलांची कुंडी.

आज भर दुपारी अपडेटवालीनं बटण दाबलं. हॉलमधले स्क्रीन मिटले, पुन्हा उमलले. तिच्या स्क्रीनवर मात्र अक्षरं आली : 'मावशींच्या कॉम्प्युटरवर काम चालू आहे. थांबायचं?'

कुंडीच्या टेबलाकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. तीच, लगबगीची.

तिच्या अंगावर काटा आला आणि ओठांवर हसू.

"सावकाश होऊ द्या, मावशी. तुमच्या शिव्या ऐकायलाच तर मी मुद्दाम घाई करायचे!"