हिरवी कपची

किनाऱ्यालगतचं उथळ पाणी आम्हा म्हाताऱ्या पाणबुड्या बायकांचं. तरण्यांनी तिथे बुडी मारायची नाही, ही जेजू बेटाची रीत. तीन वर्षांमागे तिथेच अबलोन या महागड्या शिंपल्यांचं बी सोडलं होतं. हौदात वाढवलेल्या त्या शिंपल्यांवर हिरवा ठिपका असतो; खोल पाण्यातल्यांवर नसतो. तरी यंदा माझी जाळी रोज रिकामीच. “नजर गेली तुझी, मावशी,” म्हणत आमची तरणी म्होरकी मालसुन मला अबलोनची पेज पाजायची. “खोल पाण्यातलं, खा.” मी भरभरून आशीर्वाद द्यायचे. आज शेकोटीपाशी पेज खाताना आमची बोली शिकणाऱ्या शेजारच्या शहरी सुनेनं विचारलं, “आजी, केसानं गळा कापणं म्हणजे काय हो?” सांगणार, तोच दाताखाली शिंपल्याची कपची आली. हिरवी. मालसुन माझी पाठ चोळत होती. “अजून वाढू?” तिनं हात पुढे केला. मी घास तिच्याच तळहातावर थुंकून सुनेला म्हणाले, “बघ, पोरी. चव मात्र छान असते.”