लहान वयाचं कार्ड

पहूरच्या अंगणवाडीत वंदनाताई घरी खेळत शिकायची कार्डं वाटत होत्या. शिल्पा आली तसं त्यांनी सहा वर्षांचं कार्ड काढलं.

"तुझ्या मृणालीला सहा वर्षं झाली ना? दिवाळीत पाचचं नेलं होतंस."

"संक्रांतीला तीनचं नेलं ताई. तवा मूग-चवळी येगळी करायची. आता तोंडात घालते."

"मुंबईचे डॉक्टर काय म्हणाले?"

"दिवसेंदिवस अशीच मागं जात राहील म्हने."

ताई खोक्यात खाली खाली शोधत राहिल्या. तळाशी एकच कार्ड उरलं होतं.

"हे सगळ्यात लहान. तीन महिन्यांच्या बाळाचं. आईच्या आवाजाकडे मान वळवणे."

"हेच द्या," शिल्पा म्हणाली. "एवढं अजून करते ती."