पुढे चाल

साताऱ्यातल्या बंद पडलेल्या टेनिस स्पर्धेचा इतिहास सई लिहायला बसली आणि तिचे आजोबा गंगाधरराव धास्तावले. शेवटचे विजेते तेच. पण प्रतिस्पर्धी आलाच नव्हता, म्हणून त्यांना अंतिम सामन्यात 'पुढे चाल' मिळाली होती. घरी मात्र आयुष्यभर ते त्या सामन्याचं रसभरीत वर्णन करत आले होते.

सईने नेमकं त्या न आलेल्या प्रतिस्पर्ध्याला, सिकंदरभाईंनाच सांगलीहून बोलावलं. ते पत्नी सुगराबीला घेऊन आले. गंगाधररावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"पोरी, तुझ्या आज्यानं लय पळवलं मला!" सिकंदरभाई म्हणाले.

चहा करायला दोघी आत गेल्या. सिकंदरभाईंनी गंगाधररावांचं मनगट धरलं.

 

"मॅच झालीच म्हणून सांग रं गड्या. त्या दिवशी मी कुणाबरोबर होतो, ते सुगराबीला अजून ठाऊक न्हाई."