शेवटच्या गाडीचा नियम
जुन्या मोटारींचा ताफा चढणीला लागला. दादांची गाडी पुढे होती, धाकट्या भावाची सर्वांत शेवटी. मागे वाहनं तुंबली तर शेवटच्या गाडीने कडेला थांबून वाट द्यायची, हा ताफ्याचा नियम. पाठीमागे बस अडकली. “थांबू नका हो,” बायको म्हणाली. “चढावर ही बंद पडली की हलायची नाही. दरवर्षी हाक मारली की तुमचे दादा परत येऊन ढकलतात आणि वर्षभर ऐकवतात.” धाकट्याने आरशात पाहिलं, सुस्कारा सोडला आणि गाडी कडेला घेतली. इंजिन आचके देत बंद पडलं. पुढे गेलेली बस थांबली. चालकाने डोकं बाहेर काढलं. “काका, आमच्यासाठी थांबलात ना? उतरा रे सगळे!” प्रवाशांनी रेटा दिला, इंजिन धडधडलं. माथ्यावर दादा हसत उभे होते. “यंदाही ढकलूनच?” “हो,” बायको म्हणाली, “पण तुम्हाला हाक मारावी लागते. यंदा लोक आपणहून उतरले.”