संत्र्याचं पहिलं पाणी

दामिनीनं विश्वकोशासाठी संत्र्यावरचा लेख एआयकडून लिहून घेतला. तपासणाऱ्यानं एक वाक्य अडवलं : 'पाणी तोडून ताण दिलेल्या झाडाला पहिलं पाणी भरपूर द्यावं.' तो म्हणाला, हे काटोलचे बागायतदार नानाजी यांच्या पुस्तिकेतलं जसंच्या तसं आहे, त्यांची परवानगी आणा.

ती नागपूरहून काटोलला गेली. नानाजी गोंधळले. "माह्यं कायचं वं? आपल्या बागेतली प्रयागबाई सांगे, मी फक्त लिहून घेतलं."

मग परवानगी नेमकी कोणाची? दामिनीनं नानाजींबरोबर बागेत जाऊन प्रयागबाईला ते वाक्य वाचून दाखवलं.

प्रयागबाईनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. "परवानगी घे वं पोरी, पन मी तं पहिलं पानी थोडंच द्या म्हनलं होतं. भरपूर कोनं म्हनलं?"

मागे उभे असलेले नानाजी पटकन म्हणाले, "कॉम्प्युटरनं."