चौदा नंबरचं पुस्तक

किसनसिंग रद्दीवाल्यानं ओट्यावर तराजू लावला आणि पुस्तकांचा पहिला गठ्ठा पारड्यात ठेवला, तेवढ्यात पौर्णिमा मोबाइल घेऊन धावत बाहेर आली.

"पप्पा, थांबा. हे पाहा पहिले. तुमची वेबसाइट सापडली मले."

बंद पडलेल्या वेबसाइटींच्या नकला जपून ठेवणारी एक जागा इंटरनेटवर आहे. तिथून पोरीनं बापाचं जुनं पान उकरून काढलं होतं. धम्मपालनं पाहिलं आणि त्याला हसू आलं. निळ्या पानावर लुकलुकणारे तारे, मधोमध उघडमीट करणारं पुस्तक, तळाशी येऊन गेलेल्या पाहुण्यांचा आकडा: दोनशे बारा. त्यातले दीडशे तर तो स्वतःच होता! वीस वर्षांपूर्वी मंगरूळपीरला हरीओमच्या सायबर कॅफेत बसून त्यानं हे पान उभं केलं होतं. दर आठवड्याला एका पुस्तकावर लिहायचा. खाली आपल्याकडच्या पुस्तकांची नंबर घातलेली यादी, आणि यादीखाली वचन: कोणतंही पुस्तक मागा, एसटीच्या ड्रायव्हरजवळ देईन, तुमच्या फाट्यावर उतरवून घ्या. त्याखाली पाहुण्यांनी मागणी लिहायचं गेस्टबुक. त्या काळी डबे, औषधं, लग्नाच्या पत्रिका, सगळं ड्रायव्हरच्याच हाती जायचं. पुस्तकानं काय घोडं मारलं होतं?

तेरा महिने त्यानं वाट पाहिली. कोणी काही मागितलं नाही. मग त्याला राग आला आणि तो आजपर्यंत उतरला नव्हता. आधी लिहिणं सुटलं, मग वाचणंही. तो कचेरीत कारकून म्हणून चिकटला, आणि पुस्तकांचा विषय निघाला की एकच वाक्य तोंडावर फेकायचा, आपल्या जिल्ह्यात वाचणारं कोणी नाही. ही पुस्तकं घेऊन गल्लीत वाचनालय काढते, असं पौर्णिमा परवा म्हणाली, तेव्हाही त्यानं तेच ऐकवलं आणि आज किसनसिंगला बोलावलं. पोर आपल्यासारखी तोंडघशी पडू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

"कोणी मांगतलं नाई म्हणता," पौर्णिमा म्हणाली. "गेस्टबुकात तर बावीस वेळा लिवलेलं आहे."

"व्हायरस आहे तो, बाई. पाह्य ना, नुसती इंग्रजी अक्षरं, एक शब्द धड नाई. दर शनिवारी यायचा. हरीओम म्हणे, हात नको लावू, मशीन खराब होईन."

पौर्णिमानं पानाच्या माथ्यावर बोट ठेवलं. तिथं एक लाल पट्टी होती. ज्यांच्याकडे मराठी फॉन्ट नाही त्यांनाही वाचता यावी, म्हणून त्यानं ती मुद्दाम चित्र करून लावली होती: 'अक्षरं गिचमिड दिसत असतील तर मराठी फॉन्ट लावून पाहा. सगळं वाचता येईल.'

"हे कोणं लिवलं, पप्पा?"

"म्या लिवलं."

"मंग तुमी काहून नाई लावून पाह्यला?"

धम्मपालनं पट्टी पुन्हा वाचली. फॉन्ट तर त्याच्याकडे होताच, अख्खं पान त्यातच लिहिलेलं होतं. पण गेस्टबुकाची चौकट परदेशातून आयती आणलेली. तिला इंग्रजीशिवाय काही दाखवता येत नसे. मराठीत टाइप केलेलं तिच्यात टाकलं की त्याची गिचमिड व्हायची. जगाला सांगितलेली गोष्ट त्याला स्वतःला एकदाही सुचली नाही.

"मी लावून पाह्यला आत्ता," पौर्णिमाचा आवाज खाली आला. "बावीसही वेळा एकच पोरगी आहे. वैभवी, किन्हीराजाची."

ती वाचू लागली.

'सर, मी मालेगावला टायपिंग क्लासला येते. तिथल्या कॉम्प्युटरवर तुमचं सगळं वाचते. मला चौदा नंबरचं पुस्तक पाहिजे. उद्या रविवारी दहाच्या गाडीला किन्हीराजाच्या फाट्यावर उभी राहते.'

पुढच्या शनिवारचं: 'सर, ड्रायव्हर म्हणाले, माझ्याजवळ काही दिलं नाही. उद्या पुन्हा येते.'

त्याच्या पुढचं: 'सर, या आठवड्याचं लिखाण फार आवडलं, दोनदा वाचलं. पुस्तक काही आलं नाही. उद्या येते.'

किसनसिंगला प्रकरण कळलं नव्हतं, पण काहीतरी बिनसलंय एवढं कळलं होतं. "साहेब, उतरवू काय?" त्यानं विचारलं.

धम्मपाल तोवर पारड्यापाशी खाली बसला होता. गठ्ठ्यात वरून चौथं. पाठीवर त्याच्याच हातचा चौदाचा आकडा, आत वाचकाचं नाव लिहायला चिकटवलेला कागद. कागद कोरा होता. एकवीस रविवार ती फाट्यावर उभी, पुस्तक इथं कपाटात, आणि हा तिकडे हरीओमच्या कॅफेत पाहुण्यांचा आकडा सरकत नाही म्हणून कुढत बसलेला. त्याला रडू आलं नाही. लाज वाटली, मान वर करवेना इतकी.

"शेवटचं वाच," तो म्हणाला.

"राहू द्या ना, पप्पा."

"वाच म्हणतो ना."

पौर्णिमानं वाचलं.

'सर, पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. आता क्लास बंद, फाट्यावर येणंही होणार नाही. चौदा नंबर माझ्यासाठी अडवून ठेवू नका, मागच्या माणसाला देऊन टाका. एकवीस रविवार थांबून माझा नंबर लागला नाही, म्हणजे तुमच्याकडे वाचणाऱ्यांची केवढी मोठी रांग असेल.'